एकोजीरावांची सेंटर लाइन

२००४ च्या जूनमध्ये बँकेने माझी बदली नुंगंबाक्कमच्या शाखेत केली आणि मी सातारा सोडून चेन्नईला आलो. अयनावरममध्ये एका घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. घरमालक मराठी आहेत, एवढंच दलालाने सांगितलं होतं. सामान घेऊन फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा घराच्या बाजूच्या बोळातून एक साठीचे, उंच गृहस्थ बाहेर आले. अंगात बनियन, कमरेची लुंगीवजा वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवलेला.

"मी येऊन एकोजीराव," ते म्हणाले. "हें येऊन माझें घर. तुम्ही येऊन बँकवाले काय?"

कोण कुठून येऊन राहिलंय, मला काही कळेना. मी म्हटलं, "हो, साताऱ्याहून आत्ताच येतोय."

"सरी, सरी. सातारा येऊन आमच्याच मुलखांतलें. सव्वातीनशें वर्षांमागें सुटलें."

हे 'येऊन' म्हणजे तमिळ माणसं बोलताना मध्येमध्ये 'वंदु' घालतात त्याचं भाषांतर आहे, हे कळायला मला दोन आठवडे लागले. एकोजीरावांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर दक्षिणेत आले आणि तिथलेच झाले. मराठी मात्र त्यांनी सोडली नाही. तमिळ मसाला लावून जपून ठेवली, लोणच्यासारखी.

सामान वर नेताना मी बोळात डोकावलो. पत्र्याच्या छपराखाली मोटारीचा नुसता सांगाडा उभा होता. दोन लांब लोखंडी दांडे, मध्ये आडवे तुकडे, चार चाकं आणि स्टिअरिंग. बसायला स्वयंपाकघरातला पाट. इंजिन नाही, दारं नाहीत, छप्पर नाही.

"अपघात झाला का हो?" मी विचारलं.

"अपघात? हें बनत चाललेंय! हॉट रॉड." त्यांनी समजावून सांगितलं. अमेरिकेत हौशी माणसं जुन्या गाड्यांचं नको ते सगळं काढून टाकतात, स्वतःच्या हाताने सांगाडा बांधतात आणि त्यात दांडगं इंजिन बसवतात. पुढची चाकं उघडी, इंजिनही उघडं. "येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलें पाहिजे. लाजायचें काय त्यांत?"

एकोजीराव चौतीस वर्षं रेल्वेच्या डबे बांधण्याच्या कारखान्यात होते आणि चार्जमन म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या हाताखालून हजारो डबे गेले. एकदा संध्याकाळी कॉफी पिताना त्यांनी मला मनातलं सांगितलं. "डब्याला इंजिन नसतें, बँकवाले. कितीही सुंदर बांधा, पुढें कोणीतरी ओढणारा लागतो. चौतीस वर्षें मी दुसऱ्याच्या मागें जाणारी वस्तु बांधली. आतां एक तरी अशी बांधतों, जी आपली आपण जाईल."

गाडीची कल्पना त्यांना एका जुन्या अमेरिकन मासिकातून मिळाली होती. फुटपाथवरच्या रद्दीत सापडलेल्या त्या मासिकात सांगाडा कसा बांधायचा ते चित्रांसकट दिलं होतं. लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, 'इंजिन कसे बसवावे: पाहा पान चौऱ्याऐंशी.' आणि चौऱ्याऐंशी नंबरचं पान कुणीतरी कात्रीने कापून नेलं होतं.

"मागच्या बाजूला कुठल्यातरी साबणाच्या बाईचा फोटो असणार," सईबाई म्हणाल्या.

सईबाई म्हणजे एकोजीरावांच्या पत्नी. बुटक्या, ठसठशीत, बोलणं मोजकं. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं आणि अर्ध्या अयनावरमच्या ब्लाउजांची जबाबदारी त्यांच्यावर होती. नवऱ्याच्या गाडीबद्दल त्यांचं मत मी एकदा विचारलं. त्या मशीन न थांबवता म्हणाल्या, "निवृत्त झाल्यावर पुरुष येऊन दोन प्रकारचे. एक स्वयंपाकघरांत येऊन डबे हुंगतात. दुसरे बोळांत बसतात. मला बोळ चालतो."

पान चौऱ्याऐंशी नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं एकोजीरावांना स्वतःच्या अकलेने करावं लागणार होतं. एका रविवारी ते मला घेऊन पुदुपेटला गेले. मोडीत निघालेल्या गाड्यांचा तो बाजार. एक दुकान नुसतं दारांचं, एक नुसतं आरशांचं. दस्तगीर नावाच्या एका दुकानदाराकडे सात-आठ इंजिनं जमिनीवर मांडून ठेवली होती, आठवडी बाजारात भोपळे ठेवतात तशी. त्यात ॲम्बॅसेडरचं एक इंजिन होतं. दस्तगीरने ते टायरवर ठेवलं, बाटलीभर पेट्रोल नळीने जोडलं, बॅटरीच्या तारा लावल्या आणि चालू करून दाखवलं. इंजिन टायरवरच थयथय नाचू लागलं. एकोजीरावांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की तो वधूपरीक्षेला आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसला असता, तर कुणीही लग्न ठरलं म्हणून सांगितलं असतं.

त्यांनी खिशातून शिलाईचा टेप काढला. स्टीलचा टेप घरी विसरले होते आणि निघताना मशीनवरचा सईबाईंचा उचलला होता. इंजिनाची लांबी, रुंदी, दोन्ही बाजूंच्या पायांमधलं अंतर, सगळं मोजून त्यांनी वहीत लिहून घेतलं. दस्तगीर मला हिंदीत म्हणाला, "साहेब, हे इंजिन नेतायत की त्याला सूट शिवतायत?"

माप घेऊन झालं, आठवडाभर खपून त्यांनी सांगाड्यावर इंजिनाच्या पायांसाठी दोन मजबूत खुर्च्या वेल्ड केल्या, आणि मग इंजिन घरी आलं. ते आलं मात्र मीनबाडी गाडीतून. मीनबाडी म्हणजे पुढे फळी लावलेली, मोटर बसवलेली तीनचाकी. नावाप्रमाणेच तिच्यातून मासळी वाहतात. दस्तगीरने जी गाडी धाडली तिच्यातून सकाळीच काशीमेडू बंदरावरची मासळी उतरली होती. इंजिनाच्या प्रत्येक खाचेत खवले अडकले होते.

शेजारच्या घरात अलमेलू मामी राहत. त्या मुलींना वीणा शिकवत. लसूणसुद्धा ज्यांच्या फाटकाच्या आत आली नव्हती, अशा त्या बाई. एकोजीराव इंजिन धुवायला बसले आणि सगळं पाणी वाहत मामींच्या दारापुढच्या रांगोळीवरून गेलं. मामी बाहेर आल्या. कोळम अर्धं पुसलेलं, वर चार खवले चकाकताहेत.

"राव," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "हे काय आणलंत?"

"इंजिन, मामी."

"मला वाटलं सुरमई."

त्या दिवसापासून मामींनी आमच्या बाजूच्या खिडक्या बंद केल्या. त्यांची कॉफी पावडर संपली की आमच्याकडे येणारी वाटी यायची थांबली. एकोजीरावांनी दोनदा फाटकाशी उभं राहून क्षमा मागितली. आतून फक्त वीणा वाजली.

इंजिन बसवायचा दिवस ठरला तो श्रावणी शुक्रवार. एकोजीरावांनी तीन लोखंडी पाइपांची तिकाटणी उभी केली, वर साखळीची कप्पी टांगली. इंजिनाला हार घातला, लिंबू ठेवलं. मी रजा काढून साखळी ओढायला हजर होतो. सईबाई मशीन थांबवून दारात उभ्या राहिल्या. इंजिन वर चढलं, हवेत जरा गरगरलं. सांगाडा खाली ढकलला, आणि एकोजीराव ओरडले, "मेल्ल! हळू! सोडा!"

मी साखळी सोडत गेलो. इंजिन खाली आलं, आणखी खाली आलं, आणि खुर्च्यांवर टेकायच्या ऐवजी दोन्ही खुर्च्यांच्या मधून सरळ खाली जाऊ लागलं.

"अय्यो! थांबा!"

इंजिन साखळीला लोंबकळत राहिलं. दोन्ही बाजूंना पाय आणि खुर्ची यांच्यात बोटभर फट. एकोजीरावांनी वही काढली. एकोणीस इंच. स्टीलच्या टेपने इंजिन मोजलं. अठरा. पुन्हा मोजलं. अठरा.

"इंजिन आटलें कसें?" ते म्हणाले.

सईबाई पुढे आल्या. "पुदुपेटला कोणता टेप नेलांत?"

"तुझा."

"त्याचा पहिला इंच नाहीं. चार वर्षांमागें मशीनच्या पट्ट्यांत सापडून तुटला. मी एक वजा करतें."

"आणि मला सांगितलें नाहीस?"

"ब्लाउज शिवायला बसला असतां तर सांगितलें असतें." त्यांनी वाकून वेल्डिंग पाहिलं. "आणि कच्चा टाका न घालतां एकदम पक्की शिवण मारलींत? गिऱ्हाइकाला अंगावर घालून पाहिल्याविना?"

दोन दिवस खपून एकोजीरावांनी पक्क्या वेल्डिंगच्या खुर्च्या कापून काढल्या, आणि या वेळी नुसते ठिपक्यांचे टाके मारून नव्या लावल्या. पुन्हा तिकाटणी, पुन्हा साखळी. हार पहिलाच, जरा सुकलेला. आता इंजिन पायांवर बरोबर येत होतं. बसायला चार बोटं उरली असताना 'टण्ण' असा आवाज झाला आणि ते अडलं. इंजिनाच्या उजव्या अंगाचा डायनामो स्टिअरिंगच्या पेटीवर येऊन बसला होता.

पेटी बाजूला सरकवायला जागा नव्हती. एकोजीरावांनी ती वर करून पाहिली, खाली करून पाहिली, तिरकी करून पाहिली. तिरकी केल्यावर चाक उजवीकडे फिरवलं की गाडी डावीकडे वळायची. "सवय होईल," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला होईल, समोरच्या बसला व्हायला नको का?"

तिसऱ्या दिवशी सईबाई काजं करताकरता म्हणाल्या, "इंजिन दोन इंच डावीकडे सरकवा."

एकोजीराव असे बघायला लागले, जणू बायकोने देव विकायला काढले. "मध्य सोडून?"

"सोडून."

"सेंटर लाइन सोडून?"

मध्यरेषा हे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. कारखान्यात एकोजीरावांचं पहिलं काम डब्याच्या तळावर खडूच्या दोऱ्याने मध्यरेषा मारायचं होतं. ती रेषा चुकली तर डबा चुकला. चौतीस वर्षांत त्यांची रेषा एकदाही चुकली नव्हती. ही गोष्ट नोकरीबरोबर संपली नव्हती. घरातला पंखा, त्याखालचं टेबल, समोरचं कॅलेंडर, पलीकडच्या खोलीतला देव्हारा, सगळं एका सरळ रेषेत होतं. मी भाड्याने आलो तेव्हा माझी कॉट खिडकीशी लावली होती. दोन दिवसांनी बँकेतून परत आलो तर ती खोलीच्या मध्यभागी. बोळातल्या फरशीवरही गाडीच्या खालून खडूची रेषा गेलेली होती आणि पुसट झाली की ते ती नव्याने मारत.

"इंजिन मध्यावर नसलें तर गाडी येऊन एका बाजूला ओढणार," ते म्हणाले. "मागच्या चाकांना जाणारा दांडा वाकडा जाणार. बघणारे हसणार. मी हें करणार नाहीं."

"मग नका करूं," सईबाई म्हणाल्या. "पाट आहे. बसा त्यावर, तोंडानें आवाज काढा."

घरात अबोला सुरू झाला. निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. मी जिन्यात उभा, एका बाजूने "त्यांना सांगा, कॉफी निवते" आणि दुसऱ्या बाजूने "तिला सांगा, मी येऊन विचार करतोंय."

अबोल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सईबाईंनी एकोजीरावांना आरशासमोर उभं केलं. मला वरून हाक मारली, साक्षीदार म्हणून. मग त्यांनी नवऱ्याचे दोन्ही खांदे मोजले आणि बोटाने दाखवले. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली होता.

"तीस वर्षें तुमचे सदरे मी एका बाजूनें उतरते शिवतें. कधीं कळलें?"

एकोजीरावांनी आरशात पाहिलं. उजवा खांदा वर उचलून पाहिला. सोडला. तो पुन्हा खाली आला.

"सरळ माणूस अजून माझ्या दुकानांत आला नाहीं," सईबाई म्हणाल्या. "कापड मध्यावर बेतून कोणाला सदरा बसत नाहीं. बसतें त्याप्रमाणें शिवण सरकवायची. सरकवलेली दिसत नाहीं, न सरकवलेली दिसते."

एकोजीराव सायकल काढून बाहेर पडले. जेवायच्या वेळेपर्यंत परत आले नाहीत. मागाहून कळलं की ते रेल्वे स्टेशनबाहेरच्या टॅक्सी आणि व्हॅनवाल्यांकडे गेले होते. एकेकाला बॉनेट उघडायला लावून त्यांनी आतलं इंजिन मोजलं होतं. ड्रायव्हर लोकांना वाटलं, सरकारी तपासणी आली. दोघांनी कागदपत्रं काढून दाखवली, एकाने लिंबू सोडा पाजला.

ते परत आले, हातपाय धुतले, जेवायला बसले.

"काय निघालं?" मी विचारलं.

त्यांनी रसम ओरपलं. "एका जुन्या व्हॅनचें..." ते थांबले. "अडीच इंच. डावीकडे."

सईबाईंनी त्यांच्या पानावर आणखी भात वाढला. मुद्दा तिथेच संपला.

मागच्या चाकांना जाणाऱ्या दांड्याला दोन्ही टोकांना फिरते सांधे असतात, ते तेवढा तिरकेपणा आनंदाने सोसतात, हे एकोजीरावांना आधीपासून माहीत होतं. मन मानत नव्हतं, एवढंच. त्यांनी फरशीवरच्या रेषेच्या डावीकडे दोन इंचांवर दुसरी रेषा मारली. मारताना माझ्याकडे पाठ केली. त्या शनिवारी इंजिन तिसऱ्यांदा उतरलं, दोन्ही पाय खुर्च्यांवर टेकले, डायनामो आणि स्टिअरिंगच्या पेटीत अंगठा जाईल एवढी जागा राहिली. साखळी सैल पडली. मग सईबाईंनी सुकलेला हार काढला आणि स्वतःच्या वेणीतला मोगरा इंजिनावर ठेवला.

गिअरबॉक्स, रेडिएटर आणि तारा जोडण्यात दिवाळी गेली. डिसेंबर उजाडला. चेन्नईत तो संगीताचा महिना. मामींच्या घरी मुलींची जोरात तालीम चालली होती. नेमक्या अशाच एका सकाळी एकोजीरावांनी इंजिन पहिल्यांदा चालू केलं. सायलेन्सर अजून बसवला नव्हता. आवाज असा झाला की पत्र्याचं छप्पर थरथरलं आणि समोरच्या नारळावरचे कावळे पेरंबूरच्या दिशेने गेले. पलीकडची वीणा थांबली. महिनोन्महिने बंद असलेली खिडकी धाडकन उघडली.

एकोजीरावांनी घाईने इंजिन बंद केलं आणि हात जोडले. "मामी, पाचच मिनिटं..."

"बंद का केलंत? परत लावा," मामी म्हणाल्या.

त्यांनी घाबरत लावलं. मामी खिडकीत उभ्या राहून मांडीवर हाताने ताल धरू लागल्या. मग मान हलवली.

"चौथा ठोका पडत नाही."

"काय?"

"तीन येतात, चौथा पोकळ जातो. मघापासून माझ्या मुलींचा ताल बिघडवतंय. गाडी चालवायची तर तालात चालवा!"

एकोजीरावांनी कान दिला. मग त्यांनी एकेका प्लगची तार काढून पाहिली. पहिल्या तीन तारा काढताच आवाज बदलला, चौथी काढली तरी काहीच फरक पडला नाही. तो प्लग आतून तडकलेला होता. नवा प्लग टाकला. इंजिन एकसारखं, गोल आवाजात चालू लागलं. मामींनी एक आवर्तन पूर्ण मोजलं, "आता बरोबर" म्हणाल्या आणि खिडकी बंद करायला विसरल्या. संध्याकाळी कॉफी पावडरसाठी मामींची रिकामी वाटी आली.

वरचं अंग पत्र्याचं झालं, सीट सईबाईंनी शिवली, रंग पिवळा. आणखी एक वर्ष खपून २००६ च्या पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, गाडी तयार झाली. आम्ही दोघं परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला.

"कंपनी कुठली?"

"मी," एकोजीराव म्हणाले.

"तुम्ही मालक. गाडी कुठल्या कंपनीची?"

"माझीच. मी येऊन... मीच."

"मॉडेल?"

एकोजीराव विचारात पडले. "एकच आहे."

कारकून चांगला माणूस होता. त्याने आम्हाला बसवून नीट समजावलं की घरी बांधलेली गाडी अशी रस्त्यावर आणता येत नाही. कारखान्याची मान्यता, चाचणी, शिक्के, असं बरंच काही लागतं. ते एका माणसाला एका जन्मात जमायचं नाही. मग हळूच विचारलं, "फोटो आहे का?" फोटो पाहून त्याने शेजारच्या दोघांना बोलावलं. फोटो त्या कचेरीत सगळ्या टेबलांवरून फिरून आला, पण शिक्का काही उमटला नाही.

मला वाटलं, म्हातारा खचणार. दोन दिवस ते गाडीत बसून पेपर वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी सईबाईंनी आपल्या धाकट्या भावाला, शहाजीला फोन लावला. शहाजीरावांचं एन्नोरला कंटेनर ठेवायचं आवार होतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्राच्या चिमण्या, मध्ये सपाट काँक्रीट. रविवारी तिथे कुणी नसे. खाजगी जागा, शिक्का नको. शहाजीरावांनी स्वतःच लॉरी पाठवली.

त्या रविवारी अलमेलू मामीही आल्या. एन्नोरच्या वाऱ्याला मासळीचा वास होता, त्यांनी नाकाला पदर लावला, पण परत जाते म्हणाल्या नाहीत. एकोजीराव गाडीत बसले. पांढरा सदरा, चष्मा पुसलेला. गिअर टाकला. गाडीने आधी एक हिसका दिला, आणि मग निघाली. आवाराच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. मी घड्याळ लावायचं ठरवलं होतं, विसरलो. गाडी एका बाजूला ओढत नव्हती. सहा फेऱ्या झाल्यावर ते उतरले. नुसते बॉनेट नसलेल्या इंजिनाकडे हात करून उभे राहिले.

"उतरलांत ना?" सईबाई म्हणाल्या. "सरका."

"कशाला?"

"मला चालवायची आहे."

"तुला येते?"

"मशीनला एक पेडल आहे, ह्याला तीन. शिकवा."

एकोजीराव शेजारच्या सीटवर बसले. पहिल्यांदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा सईबाईंनी चपला काढून ठेवल्या, पदर खोचला आणि मशीनवर पाय ठेवतात तसा पाय ठेवला. गाडी सुटली. एकोजीराव दोन्ही पायांनी रिकाम्या जागेत ब्रेक दाबत "मेल्ल! मेल्ल!" ओरडत होते आणि सईबाई समोर बघून सुतासारख्या सरळ चालल्या होत्या. वळणावरही त्या सरळच चालल्या. शहाजीरावांच्या एका निळ्या कंटेनरला पिवळा रंग लागला.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, दर पंधरा दिवसांनी रविवारी लॉरी यायची. गाडी शहाजीरावांच्या आवारातच का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं. सईबाई म्हणाल्या, बोळ रिकामा झाला तर हे स्वयंपाकघरात येतील. मी साताऱ्याला परतलो तेव्हा एकोजीराव दुसऱ्या सांगाड्याचे दांडे कापत होते. या खेपेस दोन इंच डावीकडची रेषा त्यांनी पहिल्याच दिवशी मारली होती आणि मध्यावरची मारलीच नव्हती. दुसरी गाडी कोणासाठी, विचारलं तर म्हणाले, "पहिली मला मिळत नाहीं."